डावी बाजू रिकामी

फुटबॉलमध्ये माझा जीव कधीच रमला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही मुंबईतल्या एका गिरणीच्या टीममधले अकरा खेळाडू, त्यांचे गुडघे, त्यांचे स्वभाव, कोणाचा खेळ लग्न झाल्यामुळे बिघडला आणि कोणाचा लग्न होत नाही म्हणून, हे सगळं मला आजही तोंडपाठ आहे. त्यातल्या एकालाही मी खेळताना पाहिलेलं नाही, एक अपवाद सोडून. नाशिक रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी तेरा वर्षं बडेबाबूंच्या शेजारच्या टेबलाशी बसलो, त्याची ही शिक्षा.

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. रेल्वेत हेडक्लार्कला बडेबाबू म्हणायची रीत आहे. आमचे बडेबाबू अंगाने इतके किरकोळ होते की ऑफिसात नवीन येणारा माणूस आधी मलाच नमस्कार करायचा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, गालात लवंग, आणि चेहऱ्यावर कायम आताच काहीतरी हरवल्याची बातमी ऐकल्यासारखा भाव. पार्सल ऑफिसात तो भाव शोभूनही दिसायचा, कारण समोर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा काहीतरी हरवलं म्हणूनच आलेला असायचा.

नोकरीची पहिली दोन वर्षं त्यांनी मुंबईत परळच्या बाजूला एका मालधक्क्यावर काढली होती. धक्क्याच्या भिंतीपलीकडे गिरणीचं मैदान. गिरणी चांगल्या खेळाडूंना गावोगावहून आणून नोकरीवर ठेवायची. हजेरीला ते खात्यात, दुपारनंतर मैदानावर. खेळणं हेच त्यांचं काम. बडेबाबू डबा घेऊन भिंतीवर चढायचे आणि त्यांचा सराव बघत जेवायचे. मग बदली झाली नाशिक रोडला. बदली झाली की माणूस जुनी खाणावळ विसरतो, जुने शेजारी विसरतो. बडेबाबू टीम विसरले नाहीत. वीस वर्षांत टीममधला प्रत्येक माणूस बदलला, पण यांची ‘आपली टीम’ तीच राहिली.

मुंबईचा पेपर सकाळच्या गाडीने यायचा. गठ्ठे आमच्याच ऑफिसातून सुटायचे, त्यामुळे नाशिक रोडमध्ये पहिला पेपर उघडण्याचा मान बडेबाबूंचा. पहिल्या पानाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. राज्यात मुख्यमंत्री बदलला तरी ही बातमी त्यांना मी सांगायची. ते थेट शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात उतरायचे. पावसाळ्यात, म्हणजे मुंबईच्या लीगच्या दिवसांत, तिथे आपल्या टीमविषयी दोन ओळी असत. त्या दोन ओळी ते सकाळभर वाचायचे.

“दोन-एक हरलो,” ते मला सांगायचे. “पहिला गोल आपल्या उजव्या बाजूने झाला.”

“तसं छापलंय?”

“छापायला कशाला पाहिजे? उजवा बॅक दमेकरी आहे. चिखलात विसाव्या मिनिटाला त्याचा श्वास संपतो. तुम्ही म्हणा की नाही संपत.”

मी तसं म्हणायचा प्रश्नच नव्हता. मग ते टेबलावर मॅच मांडायचे. शाईची गादी म्हणजे गोल, रबरी शिक्के म्हणजे आपले खेळाडू, पार्सलला ठोकायची शिशाची सीलं म्हणजे समोरचे. सगळी मांडणी झाली की डाव्या कोपऱ्यात बोटभर जागा मोकळी राहायची. तिथे बोट टेकवून ते म्हणायचे, “डावी बाजू रिकामी.” मी नोकरीला लागलो त्याच वर्षी टीमचा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने पुढे धावणारा खेळाडू, एका बँकेच्या टीममध्ये निघून गेला होता. त्यानंतर त्या जागी चार जण आले, चौघेही उजव्या पायाचे. बडेबाबूंच्या हिशेबी ती जागा रिकामीच होती.

खेळाडूंविषयीची त्यांची मतं रेल्वेच्या भाषेत असायची. गोलकीपरबद्दल: “चेंडू आत गेल्यावर उडी मारतो. आपण पार्सल गहाळ झाल्यावर चौकशी करतो तसा.” हैदराबादहून आणलेल्या सेंटर फॉरवर्डबद्दल: “पाय चांगला आहे हो, पण डोकं कल्याणलाच उतरलं.” मागे दोन गोवेकर भाऊ खेळायचे, ते घरच्या भांडणामुळे एकमेकांशी बोलत नाहीत असं एका तिकीट तपासनीसाने यांना सांगितलं होतं. “दोघांच्या मधून मालगाडी जाईल,” बडेबाबू म्हणायचे. फक्त पस्तिशी उलटलेल्या सेंटर हाफविषयी ते काही बोलत नसत. खूप आग्रह केला तर म्हणत, “त्याच्यात दोष आहेत, पण त्याला ते माहीत आहेत.” यापलीकडचं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. टीम जिंकली तरी यांचा चेहरा तोच. “जिंकलो खरं, पण खेळ हरल्यासारखाच झाला असणार.” दर जूनमध्ये मी विचारायचो, यंदा कसं काय? उत्तर ठरलेलं: “यंदा काही खरं नाही. चौथे येऊ. डावी बाजू भरली तर तिसरे.”

पहिला नंबर त्यांनी कधी मागितलाच नाही. कधी कधी वाटतं, मागितला असता तर माणूस इतका थकलेला दिसला नसता.

दर गुरुवारी दुपारी ते टीमच्या सेक्रेटरीला पोस्टकार्ड लिहायचे. वर अकरा नावं, मैदानावरच्या जागांप्रमाणे मांडलेली, लेफ्ट आउटच्या जागी आडवी रेघ. खाली प्रत्येकाचा एकेक दोष. कार्ड फलाटावरच्या पेटीत टाकायला ऑफिसातला हमाल, सोमा, जायचा. आठ वर्षांत उत्तर आलं ते एकदाच. टाइप केलेली एक ओळ: आपली सूचना योग्य वेळी विचारात घेतली जाईल. बडेबाबूंनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आमच्याच ऑफिसातून रोज अशी दहा उत्तरं सुटायची. ‘विचारात घेतली जाईल’ म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण टीमच्या बाबतीत त्यांचं नेहमीचं शहाणपण कुठेतरी बाहेर जाऊन बसायचं.

आता पासांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रेल्वेच्या नोकराला वर्षाला मोजके फुकट पास मिळतात. लोक त्यावर काशी करतात, लग्नं करतात. बडेबाबूंचे सगळे पास मुंबईला जायचे. सकाळी निघायचं, दुपारची मॅच बघायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. वहिनींचं माहेर जळगावचं, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. “रेल्वेतला नवरा म्हणून माझ्या मैत्रिणी जळत होत्या,” त्या एकदा मला चहा देताना म्हणाल्या. “त्यांना सांगा, मी नाशिक रोडचा पूलसुद्धा ओलांडत नाही.” आवाजात राग नव्हता. राग येण्याचे दिवस मागे पडले असावेत.

पास संपले की बडेबाबूंचं मुंबईला जाणं संपलं. तिकीट काढून प्रवास करणं त्यांना माहीतच नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी तिकीट काढलं नव्हतं, आणि रेल्वेच्या माणसाने खिडकीवर उभं राहून तिकीट घ्यायचं म्हणजे हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणायचे, असं त्यांना वाटे. ओळखीचा गार्ड म्हणायचा, “चला हो, माझ्या डब्यात बसा.” तेही नाही. विनातिकीट जाणार नाही आणि तिकीट घेणार नाही. या दोन तत्त्वांच्या मध्ये माणूस जागच्या जागी बसून राहायचा आणि आम्हाला दोन ओळींची मॅच ऐकावी लागायची.

सोमा मूळचा पेठकडच्या डोंगरातला. त्याचा बाप रूळदुरुस्तीच्या टोळीत कामाला लागून इगतपुरीला आला, आणि सोमा तिथल्या रेल्वेच्या मैदानामागे वाढला. इगतपुरीचा पाऊस म्हणजे चार महिने मैदानावर घोटाभर चिखल, आणि त्यातच पोरं फुटबॉल खेळायची. आमच्याकडे तो सात वर्षं हंगामी हमाल होता. पंचविशीचा, लग्न झालेला, एक मुलगी. द्राक्षांच्या दिवसांत पेट्यांच्या थप्प्या लावताना ऑफिसात पाय ठेवायला जागा नसे. अशाच एका दिवशी रिकाम्या पोत्यांचा बांधलेला गठ्ठा वाटेत आला म्हणून सोमाने तो पायाने ढकलला. गठ्ठा फलाटावरून सरळ जाऊन हातगाडीला लागला. बडेबाबूंनी लेखणी खाली ठेवली.

“कोणत्या पायाने मारलास?”

“डाव्या, बाबू. वाटंत व्हता.”

“नेहमी डाव्याने?”

“उजव्यानं जमतच नाय.”

त्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत मालधक्क्यामागे दोन-चार हमाल चेंडू घेऊन खेळले आणि बडेबाबू छत्रीला टेकून उभे राहिले. पंधरा मिनिटं, फार तर वीस. तेवढंच त्यांनी सोमाला बघितलं. गुरुवारच्या कार्डावर लेफ्ट आउटच्या जागी पहिल्यांदाच रेघेऐवजी नाव आलं. ते कार्डही पेटीत सोमानेच टाकलं. त्याला वाचता येत होतं.

टीमची निवड चाचणी जूनमध्ये व्हायची, कोणीही येऊन खेळून दाखवावं अशी. त्याच सुमारास हंगामी हमालांतून काहींना कायम करण्यासाठी भुसावळच्या कचेरीने यादी मागवली. त्या यादीत सोमा तिसरा होता. यादीतल्या माणसाने ठरल्या दिवशी भुसावळला हजर राहायचं, डॉक्टरी तपासणी द्यायची, की झाला कायम. जन्माची भाकरी. आणि तो ठरला दिवस नेमका चाचणीच्या दिवसांतच आला. चाचणी तीन दिवसांची होती. दोन्ही साधणं शक्य नव्हतं.

“रेल्वे काय पळून जाते?” बडेबाबू म्हणाले. “टीमने घेतलं तर गिरणीत नोकरी. मग इथे पेट्या वाहायची गरज काय?”

सोमा दारात उभा होता. म्हणाला, “बाबू, तुम्ही सांगाल तसं.”

“डावी बाजू रिकामी आहे, सोमा. आठ वर्षं रिकामी आहे.”

यादी मी टाइप करायचो. बडेबाबूंनी सोमाच्या नावावर रेघ मारली आणि मी त्याच्याशिवाय यादी टाइप केली. दुसऱ्या दिवशी सोमाची बायको मुलीला कडेवर घेऊन ऑफिसात आली. बडेबाबू फलाटावर गेले होते. ती मला म्हणाली, “भाऊ, हे खरं हाय का? खेळायची नोकरी ऱ्हाती?”

मी म्हणालो, “बडेबाबूंना त्यातलं कळतं.”

त्यांनी त्याला वीस मिनिटं पाहिलंय, हे मला माहीत होतं. काचेखालच्या कार्डावर काय लिहिलंय तेही माहीत होतं. पण भर उन्हाळ्यात, पेट्यांच्या गर्दीत, वाद घालायचा मला कंटाळा आला. तो कंटाळा मला पुढे फार महागात पडला, म्हणजे मला नाही, सोमाला. त्याची लाज मला अजून वाटते.

बडेबाबूंनी वर्षाचा शेवटचा पास सोमाला चाचणीला पोचवायला वापरला. सोमाच्या तिकिटाचे पैसे त्यांनीच दिले. मैदानाचं फाटक बघणाऱ्यांसाठी बंद होतं. हे फाटकाबाहेर सोमाचा डबा मांडीवर घेऊन बसले आणि आतल्या शिट्ट्या ऐकत राहिले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी विचारलं, कसा खेळला? म्हणाले, “शिट्ट्या कमी झाल्या. म्हणजे चुका कमी.” सोमा उरलेल्या दोन दिवसांसाठी तिथेच राहिला.

आणि आश्चर्य म्हणजे सोमाला घेतला. गिरणीत बदली कामगाराचं कार्ड मिळालं, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम. एक मोसम गेला की कायम करू असं तोंडी सांगितलं. त्या पावसाळ्यात तो चार मॅच खेळला. पेपरातल्या दोन ओळींत त्याचं नाव काही आलं नाही. एकदा फक्त ‘डाव्या बगलेतून आलेल्या चेंडूवर’ असे शब्द आले. बडेबाबूंनी तेवढी चिंधी कापून काचेखाली कार्डाशेजारी ठेवली. टेबलावरच्या मॅचमध्ये डाव्या कोपऱ्यात आता एक नवाकोरा शिक्का उभा असायचा.

“जाऊन बघून या ना एकदा,” मी म्हणालो. “एक तिकीट काढलं तर काय बिघडतं?”

“जानेवारीत नवीन पास मिळतील,” ते म्हणाले. “पुढच्या मोसमात सगळ्याच्या सगळ्या मॅच बघतो.”

जानेवारीत नवीन पास मिळाले. त्याच जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. ब्याऐंशीचा संप काय होता हे मी वेगळं सांगायला नको. बडेबाबूंनी तेव्हा पहिल्यांदा पेपरचं पहिलं पान वाचलं. रोज वाचायचे. खालचा कोपराही बघायचे, पण जून आला तरी तिथे आपल्या टीमचं नाव आलं नाही. टीमच उरली नव्हती. सेंटर हाफ गावी गेला म्हणे, गोवेकर भाऊ वेगवेगळ्या गाड्यांनी गोव्याला गेले. सोमा संप मिटेल म्हणून दीड वर्ष तिथे थांबला, गोदीत मिळेल ते काम केलं. मग एका सकाळी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला.

“बाबू, हमाली हाय का?”

बडेबाबू उठले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बसले. “आहे,” म्हणाले.

होती, पण पहिल्या दिवसापासूनची. कामात खंड पडला की आधीची वर्षं मोजत नाहीत. यादीत त्याच्या खालच्या नंबरावर असलेला गडी आता कायम होऊन बिल्ला लावून फिरत होता. पेट्या कशा उचलायच्या हे त्याला सोमानेच शिकवलं होतं. आता तो सोमाला काम सांगायचा. सोमा कधी एका शब्दाने कोणाला बोलला नाही. तो बोलला असता तर आम्हा दोघांनाही बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून बडेबाबू फुटबॉल बोलले नाहीत. काचेखालचं कार्ड आणि चिंधी गेली. शिक्के पुन्हा शिक्के झाले. सुरुवातीला मला वाटलं, सुटलो. पंधरवड्यात ऑफिस खायला उठलं. मी आपणहून पेपराचं शेवटचं पान पुढे केलं, तर त्यांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं.

गुरुवारचं कार्ड मात्र चालू राहिलं. फक्त पत्ता बदलला. आता ते भुसावळच्या कचेरीला जायचं: सोमाची आधीची सात वर्षं धरावीत. आणि पासही आता भुसावळला जायचे. एकूण एक. तिथला साहेब सभ्य होता, त्याने नियम काढून दाखवला आणि नियम बरोबरच होता. गडी स्वतः काम सोडून गेला होता. बडेबाबू प्रत्येक अर्जात लिहायचे: हा माणूस माझ्या सांगण्यावरून गेला, चूक माझी आहे. साहेब एकदा म्हणाला, असं लिहून देऊ नका, तुमच्याच अंगाशी येईल. यांनी पुढच्या अर्जात ते वाक्य वर घेतलं.

वाटेत जळगाव लागायचं. वहिनी आता बरोबर जायच्या, जळगावला उतरायच्या आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत चढायच्या. “चोवीस वर्षांनी माहेर दिसायला लागलं,” त्या मला म्हणाल्या. “पण हे डब्यात एक शब्द बोलत नाहीत. पूर्वी निदान हरून तरी यायचे.”

बडेबाबू रिटायर झाले तोपर्यंत काही झालं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल दिली, तेव्हा ते भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या नोकरीत एक पार्सल चुकीच्या गाडीत चढवलं गेलं.” मग खाली बसले. लोकांना वाटलं, खरंच पार्सलबद्दल बोलतायत. सोमा मागे चहाचे कप गोळा करत होता.

पुढे वर्षभराने सोमा कायम झाला. नव्या मोजणीने, नव्या यादीत, रांगेतून. जुनी सात वर्षं गेली ती गेलीच. पेढे घेऊन तो आधी बडेबाबूंच्या घरी गेला. मी तिथेच होतो. बडेबाबूंनी हुकमावरची तारीख तीनदा वाचली आणि पेढा हातातच धरून ठेवला.

सोमा म्हणाला, “बाबू, यंदा इगतपुरीच्या मैदानावर रेल्वेवाल्यांच्या मॅची हायत. मी खेळणार हाय. तुम्ही मला मॅचीत कधी बघितलंच नाय. एकदा या.”

रविवारी मी पास घेऊन स्टेशनवर गेलो तर बडेबाबू तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभे. त्यांच्यापुढे एक पेठची बाई टोपल्या घेऊन उभी होती. आतल्या बुकिंग क्लार्कने यांना ओळखून बाजूच्या दाराने बोलावलं, हे हलले नाहीत. पाळी आल्यावर म्हणाले, “इगतपुरी, दोन. जाऊन येऊन.” मी पासाचं म्हणालो, तर म्हणाले, “मॅच आता पासावर बघायची नाही.” पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटं त्यांनी उलटून सुलटून पाहिली आणि गाडीत बसल्यावरही मुठीत धरून ठेवली. तिकीट तपासायला कोणी आलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

मैदानावर पाऊस भुरभुरत होता. बघायला पन्नासेक माणसं, बहुतेक छत्र्या. सोमा डाव्या बगलेला उभा होता. बत्तिशीचा झाला होता, कंबर भरली होती. मला फुटबॉलमधलं कळत नाही, तरी मला दिसलं की तो धावतो खरा, पण चेंडूच्या नंतर पोचतो. दोनदा चेंडू त्याच्या पायाखालून बाहेर गेला. एकदा मोकळा गोल समोर होता आणि त्याने चेंडू पुन्हा मागे दिला. चिखलात तो पडत मात्र नव्हता. बाकीचे सगळे पडत होते. नव्वद मिनिटं बडेबाबू छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, आणि एके काळी ज्या माणसाने मला दोन मिनिटं शांत बसू दिलं नाही तो तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मला भीती वाटायला लागली. त्यांना काय दिसत असेल, हे मला कळत होतं. त्या वीस मिनिटांच्या पारखीवर त्यांनी एका माणसाची सात वर्षं उचलून फेकून दिली होती, आणि पारख चुकली होती.

मॅच संपल्यावर सोमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला आमच्याकडे आला. धाप लागली होती.

“कसा खेळलो, बाबू?”

बडेबाबू म्हणाले, “छान खेळलास. एकही दोष दिसला नाही.”

सोमाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. बडेबाबूंची सगळी कार्डं वर्षानुवर्षं पेटीत टाकणारा तो, टाकण्याआधी प्रत्येक कार्ड त्याने वाचलेलं होतं, आणि बिनदोषाचा खेळाडू त्यांत एकही नव्हता.

“येवढा वाईट खेळलो का, बाबू?” तो म्हणाला.

बडेबाबूंनी छत्री मिटली, उगाचच, पाऊस चालू असताना. “तू लेफ्ट आउट नाहीस रे,” ते म्हणाले. “कधीच नव्हतास. तुला मधे हाफला खेळवायला पाहिजे होतं. तू पुढे जाणारा नाहीस, तू जागा धरून उभा राहणारा आहेस. चूक माझी.”

“ठाव हाय,” सोमा म्हणाला. “तिथला कोच बी तेच म्हणला व्हता. हाफला खेळ, म्हणला.”

“मग? खेळला का नाहीस?”

“तुम्ही आठ वर्सं म्हणत व्हता ना, डावी बाजू रिकामी हाय. म्हणलं, तिथंच उभं ऱ्हावं.”

सोमाने त्यांच्या हातातून छत्री घेतली, उघडली आणि त्यांच्या डोक्यावर धरली. आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर बडेबाबूंनी खिशातून लवंग काढून गालात ठेवली.

“चेंडू येतो तेव्हा तू आधी पायाकडे बघतोस,” ते म्हणाले. “का बघतोस? पाय कुठे जाणारेत? आणि तो मोकळा गोल. मागे कोणाला दिलास? तुझ्या मागे होतं कोण?”

“चुकलं, बाबू.”

“चुकलं नाही, सवय आहे. दुसऱ्याला विचारायची सवय. उजव्या बॅकचं तर बोलूच नको, तो खेळतोय की नाही हे त्याच्या बायकोला तरी माहीत आहे का?”

सोमा मान डोलवत ऐकत होता, एखाद्याला बऱ्याच दिवसांनी घरचं जेवण मिळावं तसा. गाडीला चाळीस मिनिटं होती. फलाटावरच्या बाकावर बडेबाबूंनी ती दोन तिकिटं गोल म्हणून मांडली, माझ्या खिशातली नाणी मागून घेतली आणि मॅच पहिल्यापासून सुरू केली. गाडी आली तेव्हा पहिल्या हाफचं विसावं मिनिट चालू होतं.

ती गाडी आम्ही सोडून दिली.